कानांना होणारा गतीचा भास

फलाटावर शेजारची आगगाडी सुटते आणि आपलीच गाडी निघाली असे वाटते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. मानसशास्त्रात या भासाला 'व्हेक्शन' म्हणतात. परंतु हा मक्ता केवळ डोळ्यांचाच आहे काय?

अमेरिकन संशोधक जेम्स लॅकनर यांनी १९७७ साली या प्रश्नावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. डोळ्यांना काही दिसणार नाही अशा रीतीने माणसाला बसवून त्याच्या भोवतीच्या ध्वनिक्षेपकांतून आवाज गोल फिरवला. तेव्हा काहींना वाटले की आवाज जागच्या जागी आहे आणि आपणच उलट दिशेने फिरत आहोत! एवढेच नव्हे, तर शरीर खरोखर फिरताना बुबुळे जशी झटक्याने हलतात, तशी त्यांची हलू लागली. खोली दिसू लागताच भास ओसरला.

असे का व्हावे? अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळू लागले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वर्दी जाते. पण एकाच वेगाने फिरत राहिल्यास थोड्या वेळाने ही वर्दी थांबते. म्हणजे वर्दी आली नाही म्हणून आपण स्थिर आहोत, असे मेंदूला खात्रीने म्हणता येत नाही. मग इतर इंद्रियांची साक्ष काढावी लागते. कानांची साक्ष डोळ्यांपेक्षा दुबळी, म्हणून हा भास सर्वांनाच होत नाही.

खरी मौज पुढेच आहे. नंतरच्या प्रयोगांत आढळले की कारंजे, चर्चची घंटा अशा एका जागी असणाऱ्या वस्तूंचा आवाज फिरवला तर भास अधिक होतो. पावलांच्या आवाजाने कमी. आसनाला कंप दिला तरी तो वाढतो.

हे वाचताना मला आजी आठवली. मोतीबिंदूमुळे तिला जवळजवळ दिसत नाही. एस. टी. स्थानकात आमची गाडी सुरू होऊन थरथरत उभी असते, शेजारी घरघरणारी दुसरी गाडी निघून जाते आणि आजी पुढचा दांडा घट्ट धरून विचारते, "सुटली का रं?" नातेवाईक म्हणतात, म्हातारी भ्रमिष्ट झाली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या पुस्तकी बोलण्यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. म्हणून त्यांना मी नलिका वगैरे सांगितल्या नाहीत. एवढेच म्हणालो, की शेंगदाणेवाला खिडकीखालून ओरडत मागे गेला, तर आजी कधी दांडा धरते का ते पाहा.