थंड-पावसाळी वर्षाची वाइन : बर्गंडीतील लहान मळ्याचा विचार

इतिहासाच्या अभ्यासकाला द्राक्षांच्या वाइनशी काय कर्तव्य, असा प्रश्न मथळा वाचून काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु राजे, लढाया आणि तह यांच्या पलीकडे जाऊन साध्या शेतकऱ्याचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की साधने फार थोडी उरतात. एमान्युएल ल रॉय लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या हवामानाच्या इतिहासात असे एक साधन प्रभावीपणे वापरले. ते म्हणजे गावोगावच्या दप्तरांत नोंदलेल्या द्राक्षतोडणीच्या तारखा. तोडणी लवकर झाली तर उन्हाळा उष्ण, लांबली तर थंड, असे हे ढोबळ गणित. माझे म्हणणे एवढेच आहे, की थंड-पावसाळी वर्षातील तारीख आणि त्या वर्षीची वाइन या दोन्हींत हवामानाबरोबर माणसाचा निर्णयही साठविलेला असतो.

उदाहरणासाठी पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रांत घेऊ. तेथे मळे लहान असतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या होत होत एकेकाकडे काही ओळीच उरल्या आहेत. क्लो द वूजो हा भिंतीच्या आतला प्रसिद्ध मळा सुमारे ५० हेक्टरांचा. पण त्याचे मालक ऐंशीच्या घरात आहेत. तांबड्या वाइनसाठी तेथे मुख्यतः पिनो न्वार ही जात लावतात. तिची साल पातळ आणि घड गच्च.

आपल्या महाविद्यालयात द्राक्षबागायतदारांची मुले आहेत. त्यांना एक फरक चटकन कळेल. नाशिककडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी करून आपण हंगाम कोरड्या हिवाळ्यात नेऊन बसवितो. बर्गंडीच्या शेतकऱ्याला ही सोय नाही. तेथे वेल हिवाळाभर झोपते, वसंतात फुटते, साधारणतः जूनमध्ये फुलते आणि त्यानंतर सुमारे शंभर दिवसांनी घड तोडणीस येतात. हंगाम निसर्गाने ठरविलेला. तो पुढेमागे सरकविता येत नाही.

आता पावसाळी वर्षात काय घडते ते क्रमाने पाहू. फुलोऱ्यात थंडी-पाऊस लागला तर फुले गळतात, मणी कमी व लहानमोठे धरतात. आपल्याकडे याच वेळच्या पावसाने गळ-कूज होते, हे बागायतदार जाणतात. त्याच ओलाव्यात केवडा, म्हणजे डावणी, पसरतो. हा रोग अमेरिकेतून आला आणि १८७८ साली फ्रान्समध्ये आढळला. त्यावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण उपयोगी पडते, हे बोर्दोच्या मियार्दे या प्राध्यापकांनी १८८५ साली जाहीर केले. आपले बोर्डो मिश्रण ते हेच. परंतु औषध पावसाने धुऊन जाते, आणि चिखलात पुन्हा फवारणीस उतरणे सोपे नसते. लहान शेतकऱ्याचा सारा मळा एकाच उतारावर असेल, तर एका आठवड्यात वर्षाचे पीक जाऊ शकते.

पीक वाचले तरी दुसरा पेच उभा राहतो. ऊन कमी म्हणून मण्यांत साखर सावकाश भरते. उष्णतेत मण्यांतील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते. थंडीत ते टिकून राहते. सालीतील रंगही कमी भरतो. शेतकऱ्याला वाटते, आणखी आठ दिवस थांबावे. पण पाऊस चालू असेल तर मणी फुगून तडकतात, गच्च घडात राखाडी बुरशी शिरते आणि सडलेल्या मण्यांतील एका विकरामुळे तांबड्या वाइनचा रंग तपकिरी पडू लागतो. लवकर तोडावे तर द्राक्ष आंबट, थांबावे तर कुजके! थंड-पावसाळी वर्षाची सारी कथा या कात्रीत आहे.

तळघरात काही दुरुस्ती करता येते. आंबण्यापूर्वी रसात साखर घालण्याच्या पद्धतीचा पुरस्कार रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांनी १८०१ च्या आपल्या ग्रंथात केला. म्हणून तिला त्यांचेच नाव पडले. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेने मद्यार्क एक टक्का वाढतो. पुढे जिवाणूंच्या क्रियेने तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते. परंतु साखरेने मद्यार्क वाढतो, पक्वता येत नाही. खरी दुरुस्ती तोडणीच्या वेळीच होते : सडका मणी हाताने काढून टाकणे. येथे मात्र लहान मळ्याला थोडा लाभ आहे. ओळी मोजक्या असल्याने मालक स्वतः प्रत्येक घड पाहू शकतो. त्याची किंमत मात्र रोख द्यावी लागते. टोपलीतून फेकलेला प्रत्येक मणी उत्पन्नातून वजा होतो. असे निवडून केलेली वाइन रंगाने फिकी, अंगाने हलकी, आंबटसर आणि तरतरीत असते. तिला सरसकट ‘वाईट वर्षाची’ म्हणणे अन्यायाचे होईल.

आता इतिहासाकडे वळू. बर्गंडीतील बोन या गावच्या तोडणीच्या तारखा १३५४ ते २०१८ पर्यंत जुळविण्यात आल्या असून त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस अगोदर आली. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ साली स्फोट झाला आणि १८१६ साली युरोपला उन्हाळाच दिसला नाही. त्या वर्षी तोडणी ऑक्टोबरात गेली. तरीही तारीख म्हणजे तापमापक नव्हे. पूर्वी तोडणीचा दिवस गावाने ठरवून जाहीर करण्याची प्रथा होती, आणि सडण्याची भीती वाटली तर थंड वर्षातही तोडणी अलीकडे ओढली जाई. म्हणून तारखेशेजारी पावसाची, कुजीची, उत्पन्नाची नोंद आहे काय, हे अभ्यासकाने पाहिलेच पाहिजे.

हवा तापत चालली म्हणजे हा प्रश्न संपला, असेही नाही. २०२१ साली एप्रिलातील हिमाने आणि नंतरच्या ओल्या उन्हाळ्याने बर्गंडीचे पीक फार घटले. २०२४ साली सततच्या पावसाने केवडा माजला. सरासरी वाढली तरी शेतकऱ्याला सरासरी वर्ष कधीच मिळत नाही. त्याला मिळते ते एकेक वर्ष, आणि त्यात घ्यावयाचा एकच निर्णय. दप्तरातील कोरड्या तारखेमागे आकाशाकडे पाहत ओळीत उभा असलेला हा माणूस विद्यार्थ्याला दिसू लागला, म्हणजे साधन वाचण्याची त्याची सुरुवात झाली असे मी समजेन.