भाव कमी करून मागणे : अनुमती आणि मर्यादा

महिन्याचा खर्च भागवताना दुकानदाराकडे भाव कमी करण्याची विनंती करण्याचा प्रसंग प्रत्येक कुटुंबावर येतो. काहींना यात संकोच वाटतो. असे मागणे म्हणजे हात पसरणे होय, असे ते समजतात. काही जण याच्या उलट घासाघीस हा आपला हक्कच मानतात आणि समोरच्याला नमवल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. या दोन्ही भूमिका इस्लामी शिकवणीच्या कसोटीवर तपासून पाहिल्या पाहिजेत.

याचना आणि सौदा यांत मूलभूत फरक आहे. याचक मोबदला न देता मागतो. ग्राहक मोबदला देतो, फक्त तो किती असावा याची बोलणी करतो. पवित्र कुरआनने (सूरह अन्-निसा, आयत 29) परस्परांच्या संमतीने होणारा व्यापार वैध ठरवला आहे. सौद्यापूर्वीची बोलणी हा त्या संमतीकडे जाणारा मार्ग आहे.

खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात आदरणीय जाबिर (रजि.) यांच्या थकलेल्या उंटाचा सौदा केला आणि किमतीची बोलणी केली. मदीनेस पोहोचल्यावर त्यांनी ठरलेली किंमत चुकती केली आणि उंटही जाबिर (रजि.) यांनाच परत दिला. भाव करणे आणि मनाचा मोठेपणा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे यातून स्पष्ट होते.

आदरणीय आयशा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस येथे विशेष मार्गदर्शक आहे. दारापाशी दोघांचा आवाज चढला होता. एक जण रकमेत सूट आणि नरमाई मागत होता, तर दुसरा अल्लाहची शपथ घेऊन नकार देत होता. प्रेषित (स.) बाहेर आले आणि भले न करण्याची शपथ घेणारा कोण, असे त्यांनी विचारले. त्या माणसाने तत्काळ आपला हट्ट सोडला. प्रेषितांनी (स.) सूट मागणाऱ्याला दोष दिला नाही, आणि सूट देण्याचा हुकूमही काढला नाही. म्हणून विनंती करणे वैध आहे, मान्य करणे हा उपकार आहे. तो सक्तीने वसूल करता येत नाही.

आता मर्यादा पाहू. पहिली मर्यादा सत्याची. ‘शेजारच्या दुकानात हेच स्वस्त मिळते’ असे खोटे सांगणे, किंवा आवडलेल्या चांगल्या मालाला मुद्दाम नावे ठेवणे निषिद्ध आहे. खरेपणाने व्यवहार करणाऱ्या दोघांना बरकत लाभते आणि खोटेपणाने ती नाहीशी होते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हा नियम विक्रेत्याइतकाच ग्राहकालाही लागू आहे.

दुसरी मर्यादा कराराची. गवंडी, शिंपी किंवा रिक्षाचालक यांच्याशी मजुरी ठरली, काम झाले, आणि मग देताना आपल्या मनाने रक्कम कापली, तर ती सूट नव्हे. तो दुसऱ्याच्या हक्कावर घाला आहे. जे बोलायचे ते कामापूर्वी बोलावे. त्याचप्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय भाव कमी करण्यासाठी दुकानातील नोकराला भरीस पाडणे म्हणजे त्याला विश्वासघातात ओढणे होय. ‘बिल नको, स्वस्तात द्या’ या बोलण्यातही बचत कराच्या चोरीतून होते.

तिसरी मर्यादा समोरच्याच्या अडचणीची. आदरणीय जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रेषितांजवळ (स.) प्रतिज्ञा केली होती. त्यांच्या सेवकाने एक घोडा 300 दिरहमला ठरवला. घोडा अधिक मोलाचा आहे, असे जरीर (रजि.) यांनी स्वतःच विक्रेत्याला सांगितले आणि किंमत वाढवत 800 दिरहम दिले, असे वर्णन आढळते. आपण मात्र मोठ्या दालनात छापील किंमत निमूटपणे मोजतो आणि संध्याकाळी उरलेली मेथी विकून घरी जाण्याची वाट पाहणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. नाशवंत माल असणाऱ्याची घाई ही आपली संधी मानू नये.

मग सूट कोठे मागावी? जेथे देणाऱ्याला ती सहज झेपते तेथे. आपल्या देशात वेष्टनावरील छापील किंमत ही कमाल किंमत असते. त्याहून अधिक घेणे बेकायदेशीर आहे, कमी घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. म्हणून महिन्याचा किराणा एकत्र घेताना, नेहमीची औषधे घेताना, विवाहाचे सभागृह किंवा जेवणाचे कंत्राट ठरवताना, शाळेच्या शुल्काचे हप्ते मागताना मोकळेपणाने विचारावे. एकदा, नम्रपणे आणि शक्यतो इतर ग्राहक नसताना विचारावे. नकार आला तर दुकानदाराचे आभार मानून घ्यायचे की नाही ते ठरवावे. दुसऱ्याचा सौदा ठरत असताना मध्ये पडून बोली करू नये, प्रेषितांनी (स.) ते मना केले आहे.

वाचलेल्या पैशाचे काय होते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सूट मिळाली म्हणून अनावश्यक वस्तू घेणे हा पुन्हा अपव्ययच ठरतो. पवित्र कुरआनने (सूरह अल-फुरकान, आयत 67) उधळपट्टी आणि कृपणता यांच्यामधला मार्ग दाखवला आहे. वाचलेल्या रकमेतून कर्ज फेडावे, मुलांच्या शिक्षणासाठी काही बाजूला ठेवावे आणि थोडा भाग गरजूला द्यावा. बाजारात मुले आपल्यासोबत असतात. भाव विचारावा कसा, आणि सोडून द्यावा कोठे, हे ती आपल्याकडूनच शिकतात.