परसातील राई : फाल्गुन-चैत्रातील कामे

घरामागे फळबाग असावी, हे आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु तिच्या शेजारी पाच-दहा गुंठ्यांची लहानशी राईही असावी, जीत उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांस बसावेसे व मुलांस खेळावेसे वाटावे, हे सांगण्याची वेळ आता आली आहे. पेण व रोहे तालुक्यांत डोंगरउतार उघडे पडत असून वरकस जमिनीही विकल्या जात आहेत. अशा वेळी घरची राई कशी उभारावी, हे आम्ही आमच्या चुकांसह येथे देत आहो.

महसूल खात्याच्या कारकुनीतून निवृत्त होताच आम्हांस ही हौस सुचली. वसंत हा झाडांचा ऋतू, असे मानून आम्ही फाल्गुनात चाळीस रोपे आणून लावली. मृगापर्यंत त्यांतील सहा उरली. दोष रोपांचा नव्हता. थंड देशांत वसंतात बर्फ वितळून जमीन ओली होते, म्हणून तिकडे तो लागवडीचा काळ होय. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. फाल्गुनात मुरमाड उतारावरची ओल संपत आलेली असते. पळस, पांगारा व काटेसावर याच दिवसांत फुलतात हे खरे. पण ती जुनी झाडे पाने गाळून, खोल गेलेल्या मुळांच्या बळावर फुलतात. त्यांचे पाहून कोवळे रोप लावणे म्हणजे कर्त्या पुरुषाचे ओझे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर देणे होय. सबब आपल्या प्रांतात वसंत हा लावण्याचा नव्हे, राखण्याचा व तयारीचा ऋतू आहे, हे प्रथम ध्यानात ठेवावे.

आता राखावयाचे ते काय? भातशेतास राबासाठी टहाळ, पाला व गवत मिळावे म्हणून वरकस जमीन जोडलेली असे, हे वाचकांस ठाऊकच आहे. आमचे परसातील दहा गुंठेही तशाच कामी येत. दरसालच्या छाटणीने तेथील ऐन व किंजळ यांची खोडे कंबरेएवढी राहिली होती. ती मेली, असे आम्ही समजत होतो. पण कोयता थांबविला व प्रत्येक खोडावर दोन सरळ धुमारे ठेवून बाकीचे काढले, तेव्हा विकत आणलेल्या रोपांस मागे टाकून हेच धुमारे वर गेले. खाली मुळे तयार असल्यामुळे असे होते. राईची सर्वांत स्वस्त रोपवाटिका आपल्याच परसात असते.

आमचे दादा मात्र रागावले. "टहाळ तोडायचा नाही, तर राब काय तुझ्या दप्तरांचा भाजायचा?" असे ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. भाताच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळतात व गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात. आम्ही बांधावर गिरिपुष्प लावले. दादांनी अर्ध्या राबापुरता प्रयोग केला, रोप उभे राहिलेले पाहिले, आणि पुढील साली स्वतःच कोयता खुंटीला लावला.

तिसऱ्या वर्षी चैत्रात शेजारच्या शिवारातील राबाची ठिणगी वाऱ्याबरोबर आली. अर्ध्या तासात सारी राई काळी झाली. जाळपट्टा काढला नव्हता, हा दोष आमचाच. पावसात ऐन-किंजळ बुंध्यांतून पुन्हा फुटले. आमच्या आईने बियांपासून वाढविलेली सुरंगी मात्र परत आली नाही. म्हणून पुढील कामांत पहिला मान जाळपट्ट्यास दिला आहे.

१. जाळपट्टा : फाल्गुन लागताच राईभोवती दहा फूट रुंदीची पट्टी गवत कापून व पाला झाडून स्वच्छ करावी. आतला पाला मात्र जाळू नये. तोच पुढे माती होतो.

२. खड्डे : चैत्रात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे काढून उन्हात तापू द्यावे. दहा फुटांचे अंतर धरल्यास गुंठ्यास सुमारे दहा झाडे बसतात. धुमारे असतील तेथे खड्डा काढू नये. लागवड मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावरच करावी.

३. बी : बाहव्याच्या काळ्या शेंगा आता मिळतात, त्यांचे टणक बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे. शिवणीची फळे झाडाखाली वेचावी. जांभूळ व रातांबा यांचे बी टिकत नाही. फळ खाल्ल्याबरोबर पिशवीत लावावे.

४. मौज : राईतील वाट सरळ काढू नये, प्रत्येक वळणावर काही नवे दिसावे. टेटूच्या तलवारीसारख्या शेंगा व त्यांतून उडणारे कागदी बी, मुरडशेंगेचे पीळ, खेळावयास सागरगोटे, कडेला करवंदीची जाळी, यांनी मुले रमतात. पडलेले खोड तसेच राहू द्यावे व पाखरांसाठी उथळ पाणी ठेवावे. गुंज व कळलावी विषारी असल्याने मुलांच्या राईत घेऊ नयेत.

५. नोंद : आपली झाडे तलाठ्याकडून सातबारावर चढवून घ्यावी. १९६४ च्या अधिनियमाप्रमाणे ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नोंद असली म्हणजे पुढील पिढीस अडचण पडत नाही.

राखलेले रान काय होते, हे पाहावयाचे असल्यास रोह्याकडून फणसाडला जावे. जंजिऱ्याच्या नबाबांचे हे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. तेथे गारंबीचे अजस्र वेल व शेकरू दृष्टीस पडतात. तेथून बी मात्र आणू नये. डोळे भरून पाहून यावे.

आमच्या दहा गुंठ्यांत शेकरू नाही. पण तांबट व हळद्या येतात, आणि दुपारी नातवंडे घरात सापडत नाहीत. जळालेल्या सुरंगीच्या जागी गतसाली दुसरी लावली आहे. वाचकांनी यंदा राबाचा कोयता उचलण्यापूर्वी परसातील एक तरी जुने खोड निवडून त्याचे दोन धुमारे राखावे, एवढीच विनंती आहे.