ब्रेक लागूनही गाडी का थांबली नाही?

मोटार थांबविण्यासाठी ब्रेक असतो, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ब्रेक पूर्ण दाबलेला आहे, त्यात कसलाही बिघाड नाही, आणि तरीही गाडी उतारावरून खाली चाललीच आहे, असा प्रसंग गेल्या चवथीच्या दिवसांत आमच्यावर आला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रात आमची गती बेताचीच. तथापि त्या प्रसंगाचे कारण शोधल्यावाचून आम्हांस राहवेना.

सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावर आम्ही एका विद्यार्थ्याच्या घरी गणपतीच्या दर्शनास निघालो होतो. गाडी आमच्या एका सहकारी शिक्षकांची, चारही चाकांस एंजिनाचा जोर पोचविणारी, म्हणजे लोक जिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात ती. मागे त्यांच्या मातोश्री व दोन मुले बसली होती. डांबरी रस्ता संपून मुरूम आणि सुटी खडी यांचा उतार लागला. उताराच्या पायथ्याशी ओहोळ होता आणि काठावर एक बाई कपडे धूत होती. आमच्या मित्रांनी ब्रेक मारला. पायाखाली पेडल थरथरू लागले, कटकट असा आवाज आला आणि गाडी आपली चाललेलीच! ब्रेक मोडला असे वाटून त्यांनी घाबरून पाय उचलला व पुन्हा दाबला. पुढची चाके पाण्यात गेली तेव्हा कुठे गाडी थांबली. ती बाई वेळीच बाजूला झाली, म्हणून आज हा लेख लिहिता येत आहे. तिची बादली मात्र वाहून गेली.

वस्तुतः ब्रेक शाबूत होता. पेडलाची ती थरथर म्हणजे ‘अँटिलॉक ब्रेक’, संक्षेपाने एबीएस, या यंत्रणेचे काम चालू असल्याची खूण होय. ती समजण्यासाठी प्रथम डांबरी रस्त्याचा विचार करू. चाक फिरत असते तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो व त्याची पकड चांगली असते. ब्रेक इतका जोराचा लागला की चाक जाम झाले, तर टायर नुसता घासत जातो. घासणाऱ्या टायरची पकड कमी. शिवाय जाम झालेले चाक स्टिअरिंग फिरविले तरी गाडीस वळवू शकत नाही. हे टाळण्याची युक्ती प्रथम विमानांत रूढ झाली. डनलॉप कंपनीचे ‘मॅक्सारेट’ नावाचे साधन १९५० नंतरच्या दशकात विमानांच्या चाकांवर आले. १९६६ साली इंग्लंडात निघालेल्या ‘जेन्सन एफएफ’ या मोटारीत तेच साधन बसविले होते, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही मोटारही चारही चाकांनी चालणारी होती. पुढे १९७८ मध्ये बॉश कंपनीने तयार केलेली विद्युत्-यंत्रणा मर्सिडीझ-बेंझ गाडीत आली. आजच्या गाड्यांत तिचाच सुधारलेला अवतार असतो.

तिचे काम असे चालते. प्रत्येक चाकापाशी त्याची गती मोजणारा एक संवेदक असतो. एखादे चाक एकाएकी मंदावून थांबू लागले की यंत्रणा त्या चाकावरील ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, चाक फिरू लागताच पुन्हा देते. एका सेकंदात हे दहापंधरा वेळा घडू शकते.

येथेच खरी मेख आहे. ही यंत्रणा चाके पाहते, जमीन पाहत नाही. जाम झालेले चाक म्हणजे संकट, एवढेच तिला शिकविलेले आहे. आणि खडीवर वा वाळूवर ते सर्वथा खरे नाही. मिरामारच्या वाळूवर एक रिकामी बाटली आडवी ठेवून लोटून पाहा. ती गडगडत दूर जाईल. तीच बाटली घट्ट धरून, फिरू न देता पुढे ढकला. तिच्यापुढे वाळूचा ढीग साचेल आणि लवकरच ती हलेनाशी होईल. जाम झालेले चाक सुट्या खडीत नेमके हेच करते. ते जमिनीत रुतते, आपल्यापुढे खडीचा बांध घालते आणि त्या बांधाला अडून गाडी थांबते. एबीएस चाकास पुनःपुन्हा फिरू देते, म्हणून तो बांध साचतच नाही. १९९९ साली अमेरिकेच्या सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्याने घेतलेल्या चाचण्यांत बहुतेक पृष्ठभागांवर एबीएसने गाडी लवकर थांबली. परंतु सुट्या खडीवर थांबण्याचे अंतर सरासरी सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे वीस मीटरांत थांबणारी गाडी पंचवीस मीटरांच्याही पुढे जाणार. आमच्या ओहोळाशी हिशेब इतक्याच मीटरांचा होता!

फोर बाय फोर गाडीत आणखी दोन गुंतागुंती आहेत. तीव्र उतारावर गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. खड्ड्यावरचे एखादे चाक तर अधांतरी राहते. ब्रेक लागताच असे चाक तत्काळ थांबते आणि यंत्रणा त्याचा दाब सोडते. पुष्कळशा जुन्या रचनांत मागील दोन्ही चाकांचा दाब एकत्रच सुटत असे. त्यामुळे एका अधांतरी चाकापायी जमिनीवर टेकलेले दुसरे चाकही ब्रेकला मुकत असे. दुसरी गुंतागुंत डिफरेन्शियलची. चिखलातून जाण्यासाठी मधले डिफरेन्शियल लॉक केले की पुढची व मागची चाके एकमेकांस बांधली जातात. मग एक चाक मंदावले की त्याचा ओढा इतरांवर पडतो, चारही चाके बरोबरच मंदावतात, आणि कोणाची तुलना कोणाशी करावी हे यंत्रणेस कळेनासे होते. म्हणून अशा अनेक गाड्यांत साऱ्या गाडीचीच मंदावण्याची गती मोजणारा निराळा संवेदक बसवितात. ऑडीच्या जुन्या ‘क्वाट्रो’ गाडीत तर एबीएस बंद करण्याचे बटनच होते.

कित्येक हौशी लोक आडवाटेवर जाताना या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवतात असे ऐकतो. आम्हांस हे मुळीच पसंत नाही. परतताना फ्यूज लावावयाचा राहिला, तर पावसाने ओल्या झालेल्या डांबरी घाटात तिची खरी गरज असताना ती नसेल. शिवाय खडीवरही तिचा एक गुण टिकून राहतो; अंतर वाढले तरी स्टिअरिंग हाती राहते, आणि दगड चुकविता येतो. कारखानदारांनी अधिक बरा मार्ग काढला आहे. काही गाड्यांत आडवाटेसाठी निराळी योजना असते. तिच्यात कमी वेगाला चाक थोडा अधिक काळ जाम होऊ देतात. १९९७ च्या लँड रोव्हर ‘फ्रीलँडर’मध्ये तर याच एबीएसच्या साहाय्याने गाडी आपोआप ब्रेक लावीत सावकाश उतार उतरेल अशी सोय केली गेली.

असो. त्या दिवशी आमची गाडी ओहोळातून ओढून काढणारे जीपचालक वयोवृद्ध होते. एबीएस हे नावही त्यांनी उच्चारले नाही. ते एवढेच म्हणाले, “मास्तर, ब्रेक मारूं नाकात, गिअरार देंवूं दियात.” याचा अर्थ आम्हांस मागाहून उमगला. वरच थांबून ‘फोर लो’ आणि पहिला गिअर टाकला, क्लचला पाय लावला नाही, की एंजिनच चारही चाकांस आवरून धरते. चाके फिरत राहतात, जाम होत नाहीत, आणि एबीएसला मध्ये पडण्याचे कारणच उरत नाही. घसरण सुरू झाल्यावर मात्र गिअर बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.

महिन्याभराने आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो. उताराच्या माथ्यावर आमच्या मित्रांनी गाडी उभी केली, गिअर टाकले आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतले. गाडी घुरघुरत, माणसाच्या चालीने उतरू लागली. “आज ब्रेक ना काय रे?” मागून मातोश्रींनी विचारले. त्यांच्या मांडीवर नवी बादली होती.