पावसाची वाट पाहणारा मासा

म्हैसूरच्या आग्नेयेस तिरुमकुडलु नरसीपूर येथे कबिनी नदी कावेरीला मिळते. याच कबिनीत 1946 साली म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी गळाने एक महसीर पकडला. त्याचे वजन 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो भरले. शिकारीतील प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ती जतन करणारे घराणे म्हणून व्हॅन इंगेन यांची दूरवर ख्याती होती. तो मासा पुढे विक्रमांच्या गोष्टींत जाऊन बसला. पण वजनापेक्षा मोठा प्रश्न निराळाच आहे. एवढा वाढेपर्यंत त्याने किती पावसाळे पाहिले असतील आणि त्यांपैकी किती पावसाळ्यांत त्याची पिल्ले जगली असतील?

प्रत्येक प्राण्याला मिळणारे अन्न मर्यादित असते. ते शरीर वाढवण्यासाठी खर्चावे की संतती निर्माण करण्यासाठी, ही निवड निसर्गात सतत चाललेली असते. लवकर प्रौढ होणाऱ्या माशाला मरणापूर्वी प्रजननाची संधी मिळण्याची शक्यता अधिक; मात्र त्याचे शरीर लहान, म्हणून अंडीही थोडी. उशिरा प्रौढ होणारी मादी मोठी होते व पुष्कळ अंडी घालते. परंतु तोवर ती जगलीच पाहिजे. थंड प्रदेशातील सामन माशांत हा व्यवहार स्पष्ट दिसतो. प्रशांत महासागरातील बहुतेक सामन समुद्रात वाढून जन्माच्या नदीत परततात, एकदाच अंडी घालतात आणि मरतात. अटलांटिक सामन मात्र वाचल्यास पुन्हा प्रजनन करू शकतो. त्याने किती वर्षांनी प्रौढ व्हावे, यावर एका विशिष्ट जनुकाचा मोठा प्रभाव असल्याचे 2015 मध्ये दाखवून देण्यात आले.

महसीर समुद्रात जात नाही. पण पावसाळ्यात नदीला पूर आला की तोही प्रवाहाविरुद्ध वर चढतो. गोट्यांचा तळ आणि स्वच्छ, खळाळते पाणी त्याला हवे असते. रोहू किंवा कटला या माशांची मादी लाखांनी अंडी घालते. महसीराची मादी वजनाच्या मानाने फारच थोडी घालते. मात्र तिचे अंडे मोठे व पोषकद्रव्याने भरलेले असते. ते जड असल्याने गोट्यांच्या फटींत जाऊन बसते. मादी सारी अंडी एका वेळी घालीत नाही, टप्प्याटप्प्याने घालते. पावसाच्या लहरीपणावर काढलेला हा जणू विमाच! एक पूर अकाली ओसरला, तरी दुसरा उरतो.

हा हिशोब पुराच्या वेळेवर बेतलेला आहे. कावेरीवर कृष्णराजसागर आणि पुढे कबिनीवर धरण उभे राहिल्यावर पाणी ढगांच्या मर्जीने नव्हे, तर दरवाजांच्या हालचालीने वाहू लागले. वर जाण्याची वाटही अडली. शेतीला पाणी मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. पण माशाच्या पंचांगात तिची नोंद नव्हती.

याच सुमारास एक मराठी धागा या कथेत गुंफला गेला. निळसर परांचा महसीर हा दख्खनचा मासा. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लोणावळ्याच्या टाटा मत्स्यबीज केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि 1970 च्या दशकापासून तेथील पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा होता: पाठीवर वशिंड असलेला, नारिंगी परांचा.

शिवनसमुद्राच्या धबधब्याखाली गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्यांनी 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळ्या परांचे मासे संख्येने वाढत होते. वशिंडाचे महसीर कमी होत होते. मात्र जे सापडत, ते वर्षागणिक अधिकाधिक वजनदार असत. गळ टाकणाऱ्याला ही आनंदाची वार्ता वाटावी! प्रत्यक्षात लहान मासे सापडतच नव्हते. म्हातारे उरले होते, त्यांच्यामागून येणारी पिढी नव्हती.

विशेष म्हणजे, इतक्या प्रसिद्ध माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. केरळातील पांबर नदीच्या माशांना दिलेले ‘टॉर रेमादेवी’ हे नाव कावेरीच्या वशिंडाच्या महसीराचेच आहे, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याचा समावेश झाला.

पाठगत प्रश्न

1. वजनदार मासे सापडणे हे धोक्याचे चिन्ह का ठरले?

2. मादी टप्प्याटप्प्याने अंडी घालते, याला लेखात विमा का म्हटले आहे?