रिकाम्या जाळ्याचीही नोंद कर गं

अगं, तळ्याच्या सोसायटीची वही आता तुझ्याकडं आली म्हणं. मुडबीत बातमी यायला वेळ लागत नाही. ‘दहावी झालीय, कानडीही लिहिता येतं, मराठीही, हिलाच बसवा’ असं म्हणून म्हाताऱ्यांनी ते काम तुझ्या गळ्यात घातलं असणार. घातलं ते बरंच झालं. पण नीट बसून ऐक, कारण हे हिशेबाच्या वहीसारखं वाटत असलं तरी हिशेबाचं काम नव्हे.

पहिली अडचण तुला माणसांची येईल. कडंला उभं राहून काका म्हणतील, ‘लिही पोरी, चाळीस किलो.’ तू विचारायचं, ‘काका, कशाचे?’ ते हसतील. माशाचे, आणखी कशाचे! तरी विचारायचं. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सोडताना तिघांची बोटुकली सोडली आणि काढताना सगळा ‘मासा’ एका आकड्यात कोंबला, तर तळ्याचा कुठला मजला रिकामा पडलाय ते कुणाला कळणार? पुढच्या पावसाळ्यात परत तेच बीज, त्याच प्रमाणात, सोसायटीच्या पैशानं. मरळ वेगळी लिही, तिचा भावच वेगळा. आणि तिलापिया, ज्याला आपल्याकडं जिलेबी म्हणतात, तो तर वेगळा लिहायलाच हवा. त्याला कुणी सोडावं लागत नाही, तो आपला आपण वाढतो आणि बघता बघता तळं बळकावतो. त्याचा आकडा महिन्यागणिक चढताना दिसला तर ते बैठकीत वाचून दाखव. थाई मांगूर जाळ्यात आला तर तोही लपवू नकोस. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तो दुसऱ्या माशांना खातो. तळ्यात तो आला कुठून, हे शोधायला पहिली तारीख तुझ्याच वहीत सापडेल.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. किती मासा निघाला हे सगळेच लिहितात. किती जाळी टाकली आणि किती वेळ टाकली हे कुणी लिहीत नाही. समज, आज वीस किलो आणि मागच्या महिन्यात या दिवशीही वीस किलो. बरं चाललंय असं वाटतं. पण तेव्हा दोन टंगूस जाळ्यांत एका रात्रीत वीस किलो होता आणि आज सहा जाळी लावून तेवढाच आला असेल, तर तळ्यातला मासा कमी होत चाललाय, फक्त घाम वाढलाय म्हणून आकडा तसाच दिसतोय. म्हणून जाळी किती, कुठल्या आसाची, संध्याकाळी किती वाजता टाकली, पहाटे किती वाजता ओढली, हे चार रकाने तू आखूनच टाक. छापील वहीत नसतील तर पट्टीनं आख.

आणि ज्या दिवशी काहीच आलं नाही, त्या दिवशी शून्य लिही. ती ओळ कोरी सोडू नकोस. कोरी ओळ म्हणजे कुणी गेलंच नाही की गेलं आणि हात हलवत आलं, हे कुणाला सांगता येणार? म्हातारे म्हणतील, ‘शून्याला कशाला शाई?’ त्यांना रिकाम्या जाळ्याची लाज वाटते, ते त्यांचं बरोबरच. तू मात्र लिही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते दिवसही ‘बंद’ म्हणून घाल, नाहीतर ते शून्यात मिसळतील.

तुला वाटेल, आक्काला आपल्या गावच्या तळ्यापलीकडचं काय माहीत? तर आपल्याच कर्नाटकात, पार खाली कावेरीवर गळिबोरेला एक कॅम्प होता. शहरातून, परदेशातून हौशी लोक गळानं महसीर धरायला यायचे. स्थानिक गाइड त्यांना गोल टोपलीसारख्या हरिगोलातून न्यायचे, मासा धरायचा, वजन करायचं, परत सोडायचा आणि नोंद करायची. वन्यजीव कायद्याचा अर्थ बदलून लावला गेला आणि ते गळ टाकणं थांबलं, पण वह्या राहिल्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी पुढं संशोधकांनी उघडल्या: गळ टाकून बसलेले २३ हजारांहून जास्त तास, ६ हजारांहून जास्त महसीर. त्यात दिसलं काय, तर तासामागं मिळणारे मासे वाढत होते आणि सरासरी वजन उतरत होतं. वरवर पाहणारा म्हणाला असता, नदी भरलीय. खरं तर कावेरीचा मूळचा कुबडवाला महसीर नाहीसा होत होता आणि त्याच्या जागी निळ्या परांचा दुसराच महसीर पसरत होता. तो निळ्या परांचा आपल्या पुण्याकडचा. साईक्स नावाच्या इंग्रजानं १८३९ साली तिथल्या नदीतल्या माशावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात तयार झालेली त्याची पिल्लं भल्या हेतूनं कावेरीत सोडली गेली होती. कुबडवाल्याची नेमकी ओळख शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पटवली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. गाइडांनी तास लिहिले नसते, वजन ‘अंदाजे मोठा’ असं लिहिलं असतं, तर यातलं काय सिद्ध झालं असतं?

अलास्कात तर समुद्रावर गिऱ्हाइकांना नेणाऱ्या गाइडांना १९९८ पासून अशी वही भरावीच लागते, आणि तीही मासा किंवा गिऱ्हाईक होडीतून उतरायच्या आत. त्यातलं एवढंच आपण घेऊ: लिहायचं ते कडंलाच. घरी जाऊन, भाकऱ्या थापून झाल्यावर, लेकरू झोपल्यावर आठवून लिहिलेला आकडा गोल होतो. सगळे दहा, वीस, तीस. अशी पानं बघितली की मला लगेच कळतं, ही एका बैठकीत भरलीत.

वजनाचं म्हणशील तर काटा सोसायटीचा, व्यापाऱ्याचा नव्हे. ओल्या माशाचं पाणी म्हणून त्यानं काही कापलं तर ते वेगळ्या रकान्यात घाल. काट्यावर ठेवलेलं आणि त्यानं मोजलेलं, दोन्ही. भांडू नकोस, बोलूही नकोस, नुसतं लिही. महिन्याच्या शेवटी फरकाची बेरीज करून चेअरमनच्या पुढं ठेव, भांडायचं ते भांडतील. मोजलं नसेल, नुसता अंदाज असेल तर आकड्यापुढं ‘अं.’ लिही, त्यात कमीपणा नाही. चुकलं तर एक रेघ मार, वर बरोबर आकडा आणि सही. पांढरी शाई फासली की वही तपासणाऱ्या साहेबाला संशय येतो, आणि तो त्याचा हक्कच आहे.

आणखी एक, पाणी कुठलं ते लिही. आपल्या भागात ही भानगड आहे बघ. मुल्लामारीचं, चुळकी नाल्याचं पाणी भीमेकडं जातं आणि कारंजाचं मांजरेकडून गोदावरीला. सोसायटीची पोरं कधी इथं, कधी पाहुण्यांच्या तळ्यावर जाळं टाकतात आणि सगळं एकाच पानावर येतं. तसं होऊ देऊ नकोस. प्रत्येक पाण्याला वेगळं पान.

मत्स्य खात्याचा कागद कानडीत असतो, म्हाताऱ्यांची माशांची नावं मराठीत आणि बाजारातली दखनीत. शेवटच्या पानावर तिन्ही नावं समोरासमोर लिहून ठेव, तुझ्यानंतर जी येईल तिला विचारत फिरावं लागणार नाही.

वही भरली की रद्दीत जाऊ देऊ नकोस. कुणी अधिकारी मूळ प्रत मागेल तर देण्याआधी बसवकल्याणला जाऊन झेरॉक्स काढ आणि मूळ प्रत दिल्याची पोच घे. पोच द्यायला तो कंटाळा करेल. तू चहा घेत तिथंच बसून राहा.