तक्त्यातली शेवटची ओळ

मे महिना आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. बोलते बहुधा आई, बाबा स्पीकरवर मधूनच खाकरतात, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो मुलगा शेजारच्या खोलीत दार लावून बसलेला असतो. "अगं, जीपीए ३.१ आहे त्याचा. मेडिकलला काही होईल का?" फोन माझ्याकडे येतो, कारण माझाही जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या ग्रेड्सची चारपैकी सरासरी, जवळपास तेवढाच होता आणि आज मी पेनसिल्व्हेनियात फॅमिली मेडिसिनची डॉक्टर आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं : होऊ शकेल, पण यंदा अर्ज करू नका. पहिला अर्धा भाग ऐकून सगळे खूश होतात, दुसरा ऐकून बरेच जण फोन आवरता घेतात.

आपल्या लोकांना हे पटत नाही, कारण आपण वेगळ्या रीतीत वाढलो. भारतात आज एमबीबीएसला नीटचा आकडा बोलतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून पन्नास टक्के असले की खुल्या गटातला मुलगा पात्र ठरतो. पुढे ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न. एक वर्ष वाया गेलं तर लातूरला जाऊन रिपीट करायचं, नवा स्कोअर आला की जुना कोणी विचारत नाही. अमेरिकेत एमकॅट नावाची परीक्षा आहे खरी, पण ती आधीचं काही पुसत नाही. एमडीच्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज ॲमकॅस या एकाच ठिकाणी जातात आणि तिथं तुम्ही कॉलेजात घेतलेला प्रत्येक कोर्स मोजला जातो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला, पुन्हा घेऊन ए मिळवला, तर तुमचं विद्यापीठ कदाचित जुना ग्रेड खोडेल. ॲमकॅस दोन्ही धरतं. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक, कॉलेजांच्या अर्जात २०१७ पर्यंत नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे. तेव्हापासून तिथंही दोन्ही धरतात. तरी "कोर्स रिपीट कर, जुना जातो" हा सल्ला मंडळाच्या गणपतीत अजून फिरतो आहे. टेक्सासात मात्र दहा वर्षांहून जुनी क्रेडिट्स बाजूला ठेवण्याची सोय कायद्यानं दिलेली आहे. ती तिथल्या सरकारी कॉलेजांपुरती, आणि घेतली तर जुने चांगले ग्रेडही जातात.

एमडीला प्रवेश मिळालेल्यांची जीपीएची सरासरी सध्या ३.८च्या आसपास आहे आणि एमकॅटची ५११-५१२. दर वर्षी पन्नास हजारांच्या वर अर्ज येतात, जागा तेवीस हजारांच्या आसपास. म्हणजे ३.१ वाला रांगेत कुठं उभा आहे ते उघड आहे.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. दहावीपर्यंत मी सांगलीत मराठी शाळेत होते, मग आम्ही न्यू जर्सीला आलो. कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत वडिलांची नोकरी गेली, मी फार्मसीत आठवड्याला पंचवीस तास उभी असायचे, आणि प्री-मेडची सगळी मुलं घेतात तसे केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस एकाच सेमिस्टरला घेतलेले. जनरल केमिस्ट्रीचा वर्ग चारशे मुलांचा. पहिल्या साठ क्रेडिट्सचा जीपीए २.५. पुढच्या साठमध्ये ३.५ आला, एकूण ३.० वर पदवी झाली. त्यानंतर नोकरी करत संध्याकाळचे वर्ग घेतले : बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी, अशी बत्तीस क्रेडिट्स. त्यांत ३.९. आता बेरीज करा. एवढा जीव काढून एकूण आकडा ३.० वरून ३.१९ वर सरकला. भरलेल्या पिंपात साखर टाकावी तसं आहे हे. आधीचं पाणी जेवढं जास्त, तेवढी गोडी कमी लागते.

इथंच बहुतेक मुलं हात टेकतात. ॲमकॅस कॉलेजांना नुसता एकूण आकडा पाठवत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. जातो तो तक्ता. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं आणि खाली पदवीनंतरचं शिक्षण, प्रत्येकाची वेगळी ओळ. प्रत्येक ओळीत बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा, बाकी विषयांचा वेगळा. काही कॉलेजं ठरावीक आकड्याखालचे अर्ज उघडतच नाहीत, त्यांच्यापुढे इलाज नाही. जी उघडतात, तिथला माणूस तो तक्ता वरून खाली वाचतो. माझ्या तक्त्यात वर २.५ होता आणि शेवटच्या ओळीत ३.९, तोही अवघड सायन्सच्या विषयांत. एकूण ३.१९ असलेल्या, पण चारही वर्षं ३.१-३.२ मिळवत राहिलेल्या मुलापेक्षा हा अर्ज वेगळा दिसतो. म्हणून "यंदा नको." शेवटची ओळ अजून लिहून झालेली नसते.

ही ओळ लिहिण्याच्या दोन रीती. एक, मी केली तशी : घराजवळच्या सरकारी विद्यापीठात पदवीनंतर वरच्या पातळीचे सायन्सचे कोर्स घेणं, ज्याला इथं पोस्ट-बॅक म्हणतात. स्वस्त पडतं आणि नोकरी सांभाळता येते. कम्युनिटी कॉलेज त्याहून स्वस्त, पण ज्याला आपलं सायन्स सिद्ध करून दाखवायचंय त्यानं सगळे कोर्स तिथंच घेऊ नयेत. दुसरी रीत म्हणजे मेडिकल कॉलेजांनी चालवलेला एक-दोन वर्षांचा खास मास्टर्स. जॉर्जटाउनचा तो कोर्स १९७० च्या दशकापासून चालू आहे, बोस्टन विद्यापीठाचाही नावाजलेला. तिथं मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास असतो. चांगले ग्रेड आले तर तुमच्याविषयी शंका उरत नाही. पण तिथं बी मिळाले तर मेडिकलचा अभ्यास झेपत नाही याचा पुरावाच तुम्ही मोठी फी भरून विकत घेतलेला असतो. शिवाय मास्टर्सचे ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत, वेगळे दाखवले जातात. ज्याची पदवीची शेवटची साठ क्रेडिट्स अजून डळमळीत आहेत त्याला मी मास्टर्सकडे फिरकू देत नाही. आधी दोन कोर्स घे, ए आणून दाखव, मग बोलू.

एमकॅटबद्दल एवढंच, की ती सराव म्हणून देऊ नये. ४७२ ते ५२८ अशी तिची पट्टी, मध्य ५००. जन्मात सात वेळा देता येते हे ऐकून लोकांना धीर येतो, पण अर्ज केलात की सगळे स्कोअर कॉलेजांना दिसतात. कमी जीपीएवाल्याला ५०४ घेऊन ५०९ वर जाण्याची चैन परवडत नाही. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत हवा तो आकडा सलग येऊ लागेपर्यंत तारीख पुढे ढकलावी. चार विभागांपैकी उताऱ्यांचा जो विभाग आहे त्याला पाठांतर काहीच कामाचं नाही. तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, समाजशास्त्र, कुठलेही उतारे येतात. माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्यांची खरी कसोटी तीच. मी वर्षभर रोज रात्री जेवणानंतर इंग्रजी मासिकातला एक लांब लेख वाचत असे आणि लेखक नेमका कुणाशी भांडतोय ते एका वाक्यात लिहून काढत असे. क्लासवाल्यांच्या युक्त्यांपेक्षा त्याचा उपयोग झाला.

वेळेचं गणित कडक आहे. ॲमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतं, अर्ज मेअखेरीपासून घेतं आणि जूनअखेरीस कॉलेजांकडे पाठवू लागतं. पुष्कळ कॉलेजं मुलाखती आणि जागा जसजसे अर्ज येतील तसतशा वाटतात. माझा पहिला अर्ज सप्टेंबरात गेला. उशिराचं कारण : आमच्या विद्यापीठात प्री-मेड कमिटी सगळ्या शिक्षकांच्या वतीनं एक पत्र देत असे. कमी जीपीएवाल्यांना ते पत्र द्यायचं की नाही यावर कमिटीनं उन्हाळा काढला आणि शेवटी नाही म्हणाली. ही तऱ्हा बऱ्याच ठिकाणी आहे. ज्यांना प्रवेश मिळणार अशांनाच पत्र दिलं की "आमच्या इतक्या टक्के मुलांना मेडिकल मिळालं" असं छापता येतं. तेव्हा कमिटीवर विसंबून राहू नका. दोन सायन्सच्या आणि एका इतर विषयाच्या प्राध्यापकांकडून वेगळी पत्रं आधीच मिळवून ठेवा. संध्याकाळच्या छोट्या वर्गांचा हा दुसरा फायदा : प्राध्यापक तुम्हाला नावानं ओळखतात.

पडलेल्या ग्रेड्सबद्दल अर्जात काय लिहायचं? जमेल तितकं कमी. मुख्य निबंधाला ५३०० अक्षरांची जागा मिळते, स्पेस धरून. एका मुलानं मला दाखवलेल्या मसुद्यात त्यातली निम्मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सीवर खर्ची पडली होती : प्राध्यापक कसा होता, रूममेट कसा होता. वाचणाऱ्याला तो मुलगा तक्रारखोर वाटला असता, जो तो मुळीच नव्हता. माझ्या अर्जात या विषयावर दोन वाक्यं होती. दुसऱ्या वर्षापर्यंत मी आठवड्याला पंचवीस तास नोकरी करत होते; तास कमी केल्यानंतरचे ग्रेड सोबत आहेत. बाकीची जागा मी इमर्जन्सी रूममधल्या कामाला दिली. तिथं मी स्क्राइब होते. डॉक्टर पेशंटशी बोलत असताना मागे लॅपटॉप घेऊन उभं राहायचं आणि सगळं टिपायचं. पगार किरकोळ, पण छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टर कुठला प्रश्न आधी विचारतो आणि का, हे मी तिथं शिकले. मुलाखतीत माझ्या ग्रेड्सपेक्षा त्या कामाबद्दल जास्त बोलणं झालं. प्रयोगशाळेतलं संशोधन चांगलंच, पण ज्याच्या अर्जात आजारी माणसांजवळ काढलेला वेळच नाही, त्याचा जीपीए ३.९ असूनही तो अडकतो, हे मी पाहिलं आहे.

मला जागा मिळाली ती डीओ कॉलेजात. घरी सांगितलं तर एक काकू म्हणाल्या, "डीओ म्हणजे आपल्याकडचं होमिओपॅथीसारखं का गं?" नाही काकू. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं. आज डीओ डॉक्टर पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतात आणि शस्त्रक्रिया करतात. अभ्यास तोच, वर हातानं स्नायू-सांध्यांवर उपचार करण्याचं शिक्षण. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची, मान्यताही एकच झाली आहे. तोटेही सांगते : डीओंची परवाना परीक्षा वेगळी आहे, आणि स्पर्धेच्या शाखांसाठी पुष्कळ जण एमडीवाल्यांचीही देतात, म्हणजे दुप्पट फी, दुप्पट ताण. न्यूरोसर्जरी किंवा डर्मटॉलॉजीच हवी असणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं. पण या कॉलेजांची प्रवेशाची सरासरी एमडीपेक्षा खाली आहे आणि चढता आलेख ती मनापासून वाचतात. "आधी एमडीला बघू, नाही झालं तर डीओ" म्हणून दुसऱ्या वर्षावर टाकू नका. दोन्ही अर्ज एकाच उन्हाळ्यात करा.

कॅरिबियनमधल्या मेडिकल कॉलेजांबद्दल विचारल्याशिवाय एकही फोन संपत नाही. तिथून शिकून आलेले उत्तम डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. माझा एक मावसभाऊही गेला होता. त्याला एमकॅटचा स्कोअर विशेष न विचारता तीन आठवड्यांत प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायला जागा नसे आणि दुसऱ्या वर्षी अर्धी बाकं रिकामी झाली. त्या रिकाम्यांत तोही होता. पदवी नाही, कर्ज मात्र पुरतं. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिकांना रेसिडेन्सी मिळाली, डीओंपैकी सुमारे ९२ टक्क्यांना, आणि परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांना. हे ६७ सुद्धा मॅचपर्यंत पोचलेल्यांपैकी. वाटेत गळालेले त्यात नाहीत. माहितीपत्रकात ९० टक्के छापलेले दिसले की विचारा, पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या शंभरांपैकी किती जण वेळेत रेसिडेन्सीला लागले? उत्तर लेखी मागा. त्यातून २०२२ पासून परवान्याच्या स्टेप वन परीक्षेला नुसतं पास-नापास आहे. बाहेरून शिकून येणाऱ्यांना त्या परीक्षेत मोठा आकडा काढून उठून दिसता यायचं, ती वाट बंद झाली. भारतात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करून परतणाऱ्यालाही मॅचमध्ये परदेशी पदवीधरांच्याच रांगेत उभं राहावं लागतं.

आणि ज्यांचं ग्रीन कार्ड झालेलं नाही त्यांनी यातलं काहीही सुरू करण्याआधी व्हिसाकडे बघावं. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरचं मूल एकविसाव्या वर्षी त्या व्हिसातून बाहेर पडतं. विद्यार्थी व्हिसावरच्यांना घेणारी मेडिकल कॉलेजं थोडी, काही तर पुढच्या वर्षांची फी आधीच बँकेत अडकवून ठेवायला सांगतात, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. अशा मुलाला नुसतं "अजून दोन वर्षं थांब" म्हणणं बरोबर नाही. त्या घरानं आधी इमिग्रेशन वकिलाला भेटावं आणि अशांना घेणाऱ्या कॉलेजांची यादी करून मगच पोस्ट-बॅकची फी भरावी.

बाबा स्पीकरवर शेवटी बोलतात ते पैशांचं. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीही २०२५ च्या कायद्यानं चित्र बदललं आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. खासगी कॉलेजांत, एमडी असो की डीओ, फी आणि राहण्याचा खर्च मिळून वर्षाचा आकडा सहज त्याच्या वर जातो. वरचे पैसे खासगी बँकेकडून, म्हणजे बहुतेकदा आई-बाबांच्या सहीवर. त्यामुळे कॉलेजांची यादी करताना प्रत्येक नावापुढे जीपीए आणि एमकॅटच्या शेजारी चार वर्षांचा पूर्ण खर्च आणि तुमच्या राज्यातल्या मुलांना फीत मिळणारी सूट, हे दोन रकाने आखून घ्या.